सासूबाईंच्या नंतरची दिवाळी: मुलांच्या लक्षात नक्की काय राहतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय का हे तुम्हालाही कळेल. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, दोघंही नोकरी करता. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. घरातला सगळा फराळ आजवर सासूबाईंच्या हातचा. मागच्या वर्षी श्रावणात त्या गेल्या, म्हणून त्या दिवाळीत घरात कढई चढलीच नाही, नातेवाइकांनी आणून दिलेल्या डब्यांवर सण झाला. यंदा काय करायचं यावरून तिघांची तीन मतं आहेत. मिस्टर म्हणतात, फराळ विकत आणू आणि चार दिवस कोकणात जाऊन येऊ. डोंबिवलीच्या नणंदबाई म्हणतात, आई करायची तसं सगळं झालंच पाहिजे. आणि तुमच्या डोक्यात एकच घोळतंय, की सगळं विकतचं आणलं तर उद्या मुलांच्या आठवणीत दिवाळी म्हणून उरेल काय?

मी ठाण्यात, नौपाड्याजवळच्या एका मराठी शाळेत 31 वर्षं प्राथमिकला शिकवलं. त्यातली बरीच वर्षं चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्याच आठवड्यात मी निबंध लिहून घ्यायचे. दर वर्षी चाळीस-पन्नास वह्या. मुलांच्या मनात सण कसा साठतो हे मी शिकले ते या वह्यांमधून, आणि थोडं माझ्या दोन मुलांकडून. तेवढ्याच्या आधारावर सांगते.

तुम्ही विचारलंय फराळाबद्दल, पण मला त्यात वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. दिवसभर नोकरी करणाऱ्या बाईने सात-आठ पदार्थ करायचे कधी, हा एक. घरातलं माणूस गेल्याचं दुःख अजून कुणी नीट बोलून दाखवलेलं नाही, हा दुसरा. आणि मुलांच्या आठवणी हा तिसरा. हे तिन्ही एकाच कढईत पडल्यामुळे तुम्हाला असं वाटतंय, की चकल्या विकत आणल्या म्हणजे सासूबाईंना आपण विसरलो आणि मुलांचं बालपणही कोरडं ठेवलं. तसं नाही. हे सुटे करून बघू. मुलांपासून सुरू करते, कारण त्याबद्दल मला सगळ्यात जास्त खात्री आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी फळ्यावर ‘माझी दिवाळी’ एवढंच लिहून द्यायचे. सगळ्या वह्यांत एकच निबंध यायचा. दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, आई लाडू-चकल्या करते, बाबा नवे कपडे आणतात, फटाक्यांनी प्रदूषण होतं. पुस्तकातून उतरवल्यासारखं. मग एका वर्षी मी विषय बदलला: ‘दिवाळीत तुमच्या घरी असं काय होतं, जे शेजारच्या घरी होत नाही?’ मुलं बराच वेळ पेन तोंडात धरून बसली. आणि नंतर जे लिहून आलं, त्यातलं पुष्कळ मला आज इतक्या वर्षांनीही आठवतं.

एका मुलाचे वडील रोज रात्री दहाच्या गाडीने घरी यायचे. त्याने लिहिलं होतं की नरकचतुर्दशीच्या पहाटे बाबा स्वतः माझ्या पाठीला तेल आणि उटणं लावतात. त्यांचे हात खरखरीत आहेत, त्यामुळे दुखतं. पण मी सांगत नाही, कारण सांगितलं तर पुढच्या वर्षी आई लावेल.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलीने दिवाळी बाजूलाच ठेवली आणि नारळी पौर्णिमेबद्दल लिहिलं. आजोबा खाडीला नारळ वाहतात तेव्हा पूजेचं ताट मीच धरते, भावाला धरू देत नाहीत, असं. ‘मीच’ या शब्दाखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. आणखी एका मुलीच्या करंज्या वाकड्यातिकड्या व्हायच्या. तिची आजी त्या शेवटी तळायची आणि वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर तिचं नाव लिहायची, पाहुण्यांना त्यातली एकही मिळायची नाही. आणि एक मुलगा, ज्याच्या घरी काहीच केलं जात नव्हतं, त्याने लिहिलं होतं की मी आणि बाबा दर वर्षी चरईतल्या एका काकूंकडे फराळ आणायला जातो. त्या वजन करेपर्यंत मला एक कडबोळं खायला देतात. पिशवी जड असते, तिचा एक बंद माझ्याकडे असतो आणि एक बाबांकडे.

बघा, त्या घरात फराळ विकतचा होता. तरी तो मुलगा मोठा झाल्यावर त्याला दिवाळी म्हटलं की ती पिशवी आठवेल, याबद्दल मला शंका नाही.

इतक्या वर्षांत यंदा पदार्थ कमी होते, अशी तक्रार मी एकाही वहीत वाचली नाही. किती पदार्थ झाले हे मुलं मोजतच नाहीत, ते आपण मोठी माणसं मोजतो. मुलांनी लिहिलं ते जिथे त्यांचा स्वतःचा हात लागला होता तिथलं, आणि जे दर वर्षी न चुकता तसंच घडायचं त्याबद्दल. वास मात्र खूप जणांनी लिहिले. भाजणी भाजतानाचा, उटण्याचा, मोती साबणाचा, नव्या कपड्यांच्या घडीचा. वासाचा रस्ता मेंदूत भावनांच्या आणि आठवणींच्या भागांना फार जवळून जातो, म्हणून एखादा वास तीस वर्षांनी आला तरी ती पहाट उभी राहते.

आता एक अवघड गोष्ट सांगते. एका वर्षी एका मुलीने त्याच प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं: आमच्या घरी दिवाळीत आई रागावलेली असते. ती रात्री एक वाजेपर्यंत तळते आणि आम्ही स्वयंपाकघरात गेलो की ओरडते. बाकी निबंध छान होता, रांगोळीचं चित्रही काढलं होतं. पण शेजारच्या घरी होत नाही असं काय, तर हे. त्या वर्षी मी स्वतः शाळा सांभाळून नऊ पदार्थ केले होते. संध्याकाळी घरी जाऊन माझ्या मुलीला विचारलं, तुला आपल्या दिवाळीतलं काय आठवतं? ती म्हणाली, तू ओट्यापाशी पाठ करून उभी असतेस ते. पुढच्या वर्षापासून मी दोनच पदार्थ घरी करायला लागले.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं, की सगळं घरी करण्याचा हट्ट धरू नका, पण सगळंच सोडूही नका. सासूबाईंच्या हातचा एक पदार्थ निवडा, मुलांना त्यात कायमचं काम द्या, आणि तो दर वर्षी त्याच दिवशी, त्याच पद्धतीने करा. बाकीचं ठाण्यात, नवी मुंबईत बचत गटांच्या किंवा घरगुती फराळ करणाऱ्या बायकांकडून निर्धास्त आणा. जमलं तर दर वर्षी त्याच एका ताईंकडून, आणि आणायला मुलांना बरोबर घेऊन जा.

कुठला पदार्थ निवडायचा हे घराघरावर अवलंबून आहे. सासूबाईंचे अनारसे प्रसिद्ध असतील तर मोह होईल, पण पहिल्या वर्षी अनारशांना हात लावू नका. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून दळायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला की सगळ्या घराचा जीव खालीवर. चकलीचंही बरंचसं मोहनावर असतं. कमी पडलं तर चकली दाताला लागते, जास्त झालं तर कढईत विरघळते. ते हाताला कळायला दोन-तीन दिवाळ्या जातात. त्यातही मुलांना करण्यासारखं काम म्हणजे फक्त सोऱ्या फिरवणं.

मी तुमच्या जागी असते तर करंजी घेतली असती. तिच्यात लाटणं आहे, भरणं आहे, कातणं आहे, म्हणजे सहा वर्षांच्या मुलापासून सगळ्यांना बसून करण्यासारखं काम आहे. पाव किलोचीच करा. बारीक रवा आणि मैदा निम्मेनिम्मे, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि दुधात घट्ट भिजवून दोन तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं. सारणाचं सुकं खोबरं आणि खसखस मंद आचेवर भाजा. पिठीसाखर आणि वेलची मात्र सारण पूर्ण गार झाल्यावरच घाला. गरम सारणात साखर घातली की ती पाझरते आणि सारणाचा गोळा होतो. वीस-पंचवीस करंज्या होतील, तेवढ्या पुरे.

काम असं वाटा: पाऱ्या तुम्ही लाटा, सारण भरायचं काम मुलाचं. त्याला एक छोटा चमचा ठरवून द्या, एका करंजीला एकच चमचा. हे मापासाठी आहेच, पण मुलं सारण काठोकाठ भरतात म्हणूनही आहे. फार भरलेली करंजी तळणात उकलते, सारण तुपात सांडून जळतं आणि ते काळे कण पुढच्या सगळ्या घाण्यांना चिकटतात. कडेला दुधाचं बोट फिरवून ती दाबायची आणि कातणाने कापायची, हे मुलीचं काम. तळताना मात्र मुलांना ओट्यापासून लांब बसवा. ज्या करंज्या संशयास्पद दिसतील त्या शेवटच्या घाण्यात टाका. त्या उकलल्या तरी फेकायच्या नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवून त्याच संध्याकाळी खायच्या. फुटलेल्या करंज्या ही मुलांची हक्काची वाटणी असू द्या.

वसुबारसेच्या आधीचा रविवार यासाठी ठेवा, दुपारी जेवणं झाल्यावर. तीन तासांत आटोपतं. मुख्य म्हणजे तुम्ही दमलेल्या नसता.

आता सासूबाईंबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या वहीत माप नीट नाही, बऱ्याच ठिकाणी ‘अंदाजे’ एवढंच आहे. माझ्या आईच्या वहीतही तसंच होतं. पण तुमच्या घरात एक माणूस आहे जे त्या अंदाजाच्या शेजारी उभं राहिलेलं आहे, ती म्हणजे तुमची मुलगी. मुलीची निदान तीन-चार वर्षं तरी आजीच्या कढईच्या आसपास गेली असणार. तिला सहज विचारा: आजी पीठ भिजवताना काय करायची? खोबरं किती लाल होऊ द्यायची? तिला ग्रॅम सांगता येणार नाहीत. पण आजी पारी उजेडाला धरून बघायची, किंवा सारणाची चिमूट आधी मला चाखायला द्यायची, असलं काहीतरी ती नक्की सांगेल. ते वहीत लिहून ठेवा.

आणि मुलांसमोर त्यांचं नाव घ्या. हे मी आग्रहाने सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी गेली होती. दिवाळीनंतर त्याने लिहिलं होतं की आता आमच्या घरी आजीचं नाव कोणी काढत नाही, काढलं की बाबा गॅलरीत जाऊन उभे राहतात. मोठ्यांना वाटतं, आठवण काढली तर मुलं रडतील. मुलं रडतात आणि पाच मिनिटांनी खेळायला जातात. पण घरात एक नाव घ्यायचंच नाही असं ठरलं की त्या वयाच्या मुलाला वाटतं, आजीबद्दल बोलणं हीच काहीतरी चूक आहे. पहिल्या घाण्यातल्या दोन करंज्या त्यांच्या फोटोपुढे ठेवा आणि मुलांना सांगा की आजीला दाखवतोय, जमल्या का बघ म्हणून. एवढं पुष्कळ होतं.

त्या मुलाचे बाबा गॅलरीत का जायचे, याचा मी पुढे खूप विचार केला. तुमच्या मिस्टरांच्या कोकणात जाण्यामागे काय आहे हे मी इथून सांगू शकत नाही. त्यांना खरोखर मुलांना समुद्र दाखवायचा असेल. पण आईच्या मागे ते स्वयंपाकघर दिवाळीत बघवणार नाही, असंही असेल. बुकिंगवरून वाद घालण्याआधी एकदा शांतपणे विचारा. दुसरं कारण निघालं तर त्यांना करंजीच्या रविवारी ओट्यापाशी उभं करू नका, त्यांना वेगळं काम द्या. ते मी पुढे सांगते.

जायलाही माझा विरोध नाही. बहुतेक शाळांची सुट्टी भाऊबीजेनंतरही असते, तेव्हा निघा. आणि मधल्याच दिवसांत जायचं ठरलं तर उटणं, तेल आणि पणत्या बॅगेत टाका आणि अभ्यंगस्नान जिथे असाल तिथे पहाटेच करा. माझा एक विद्यार्थी दर दिवाळीला आईवडिलांबरोबर रेल्वेने कुठेतरी जायचा, आणि तो निबंधात स्थळाबद्दल काहीच लिहायचा नाही. रात्री डब्यात बाबा पत्ते काढतात आणि मला जिंकू देतात, हेच लिहायचा, दोन वर्षं सलग. फिरायला जाणं हीदेखील घराची रीत होऊ शकते, दर वर्षी तसंच होणारं त्यात काहीतरी असलं म्हणजे झालं.

नणंदबाईंचं मात्र जरा वेगळ्या बाजूने बघा. आई करायची तसं सगळं, असं त्या म्हणतात तेव्हा तुम्हाला त्यात तपासणी दिसते, आणि दमलेल्या माणसाला ती दिसणारच. पण आई गेली की मुलीचं माहेर भावाच्या घरापुरतं उरतं. भाऊबीजेला त्या ओवाळायला येतील तेव्हा त्या घरात आईच्या हातचं काहीच नसेल, ही त्यांची भीती आहे, असं मला वाटतं. माझी आई गेली त्या वर्षी मी भावाकडे गेले तर वहिनीने आईच्या पितळी डब्यातून शंकरपाळी काढून दिली. शंकरपाळी दुकानातली होती. मला त्या डब्यावरून हात फिरवल्यावरच हुंदका आला, आणि नंतर खूप बरं वाटलं.

त्यांना करंजीच्या रविवारी बोलावून घ्या. पाहुणी म्हणून नको, काम करायला. डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून कोपरखैरण्याला यायला काही फार वेळ लागत नाही. त्यांना आईची एखादी खूण नक्की माहीत असेल जी तुम्हाला कधी सांगितली गेली नाही, कारण सून घरात आली तोवर सासूबाई ते न बोलता करायला लागल्या होत्या. सगळं झालं पाहिजे हा आग्रह निम्मा तरी त्या दुपारी विरेल. कदाचित विरणारही नाही. तरी मुलांना आत्या करंजीवर वाकलेली दिसेल.

मिस्टरांचं काम म्हणजे किल्ला. सहा वर्षांच्या मुलासाठी मला याहून चांगलं काही सुचत नाही. नवी मुंबईत सोसायटीच्या आवारात कोपरा मिळाला तर उत्तम, नाहीतर गॅलरीत एका जुन्या पत्र्याच्या ट्रेवरही होतो. दोन-चार विटा, दगड, वर ओलं गोणपाट, आणि रोपवाटिकेत पिशवीत मिळते ती लाल माती. हळीव पाच-सहा दिवस आधी पेरले तर दिवाळीपर्यंत तटाखाली हिरवं येतं. आणि एक सुचवू? युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. दर दिवाळीला यातला एक घ्या. मुलगा आज सहाचा आहे, बारावा किल्ला होईल तेव्हा सतराचा असेल. समुद्रातले किंवा समुद्रकाठचे चार आहेत, तेव्हा खांदेरीच्या वर्षी परातीत पाणी भरायचं, जिंजीच्या वर्षी तीन टेकड्या करायच्या. आणि तुमची कोकणची सहल विजयदुर्गाच्या किंवा सिंधुदुर्गाच्या वर्षी असेल तर आधी किल्ला करून मग प्रत्यक्ष बघायला जायचं. वडिलांचा मातीने भरलेला हात मुलांना आठवतो. निबंधांत तो खूप वेळा आला आहे.

तुम्हाला वाटेल, हे सगळं नवीन झालं, याला परंपरा कसं म्हणायचं. पण आपण ज्याला जुनं म्हणतो तेही कधीतरी कुणीतरी सुरू केलेलं असतं. सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्यांनी 1893 च्या सुमारास आजचं रूप दिलं. दिवाळी अंकाची प्रथा ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये पाडली. पाडव्याची शोभायात्रा आज ठाण्यात कौपिनेश्वराच्या परिसरात बघायला किती गर्दी असते, पण ती कल्पना डोंबिवलीत निघून इकडे आली ती शतक पालटायच्या सुमाराला. माझ्या वर्गातल्या पहिल्या मुलांनी ती लहानपणी पाहिलेली नाही. आज त्यांच्या मुलांना शोभायात्रेशिवाय पाडवा माहीत नाही. तुमच्या घरच्या किल्ल्याला तिसऱ्या वर्षी मुलगाच ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणेल.

सण झाल्यावरचंही एक काम आहे आणि ते बहुतेक घरांत राहून जातं. तुळशीच्या लग्नापर्यंत कधीतरी रात्री जेवताना त्या दिवसांबद्दल बोला. मजा आली का, असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि विषय संपतो. आत्या करंजी करताना काय म्हणाली, त्यावर तू काय केलंस, मग काय झालं, असं विचारा. वर्गात मी हे रोज बघायचे: ज्या मुलाशी घरी कोणीतरी असं बोलतं, त्याला आठवण क्रमाने सांगता येते. मुलांच्या स्मरणशक्तीवर काम करणाऱ्यांनीही हेच नोंदवलं आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी तर मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते. आईबाबांची भेट कशी झाली, आजी-आजोबा कुठे वाढले, अशा धर्तीचे. घरातल्या गोष्टी ज्या मुलांना जास्त माहीत होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. नुसती माहिती पाठ करून घेतली तर असं होईल, असं त्यांचं म्हणणं नाही. त्या गोष्टी सांगायला घरात कोणीतरी वेळ काढून बसतं, त्याचा हा परिणाम आहे. तुमच्या घरी त्या गोष्टी सांगणाऱ्या सासूबाई होत्या. आता ते काम तुम्हा दोघांकडे आणि आत्याकडे आलं आहे. फराळापेक्षा हे काम मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं.

फोटो थोडेच काढा. करंज्या करताना सगळ्यांच्या हातांचा एक, किल्ल्याजवळ एक. दर वर्षी त्याच जागी उभं राहून काढलेला फोटो दहा वर्षांनी सोन्यासारखा होतो.

आणि ही एक गोष्ट मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका. सासूबाईंचा फोन अजून कपाटात असेल तर तो विकू नका, पुसू नका. तुमच्या आणि मिस्टरांच्या व्हॉट्सॲपमध्ये त्यांनी पाठवलेले आवाजाचे निरोप असतील. ‘दूध आणलं का’, ‘मुलांना शाळेतून घेतलं, काळजी करू नका’, असलेच. ते आजच शोधून दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, फोन बदलताना ते जाऊ शकतात. मुलांना लगेच ऐकवायची गरज नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला आजीचा चेहरा फोटोंमुळे आठवत राहील, आवाज मात्र फार लवकर पुसला जातो. माझ्या मुलाला त्याच्या आजीचा आवाज आठवत नाही. तेव्हा आमच्याकडे तो साठवायला काही नव्हतं.

तर या आठवड्यात मिस्टरांशी बोला, नणंदबाईंना फोन करून रविवार ठरवा, आणि सासूबाईंची ती वही काढून मुलीच्या हातात द्या. करंजीच्या पानावर त्यांच्या अक्षराखाली तिला यंदाची तारीख घालू दे, किती झाल्या, किती उकलल्या, सारणात काय कमी पडलं ते तिच्या अक्षरात लिहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा त्याखाली. आणि कातण आहे का ते आधी बघून ठेवा. बहुधा त्यांच्या मोठ्या डब्यात, सोऱ्याच्या ताटल्यांबरोबर तळाशी असेल. नसेल तर नवीन आणण्याआधी नणंदबाईंना विचारा, त्यांनी आठवण म्हणून नेलेलं असू शकतं. तसं असेल तर त्या दिवशी येताना घेऊन या म्हणावं.